राणीछाप रुपयाची पारख

आपल्या भाषेत नाण्यांनी किती घर केले आहे याचा विचार आपण क्वचितच करितो. सचोटीच्या माणसास आपण 'बंदा रुपया' म्हणतो. ज्याच्या बोलण्यात आडपडदा नाही त्याचे बोलणे 'खणखणीत' असते. कुळाच्या नावास डाग आला म्हणजे त्यास 'बट्टा लागला' असे म्हणतात. आणि कोणावर विश्वास टाकण्यापूर्वी त्यास 'वाजवून घ्यावे' असा वडील मंडळींचा उपदेश असतो. हे सर्व बोल सराफाच्या गादीवरून आपल्या घरात आले. रुपया वाजवून घेण्याचे प्रयोजन आता उरले नाही; त्यामुळे शब्द तेवढे मागे राहिले आणि त्यांमागील विद्या लोपत चालली. या विद्येची थोडीबहुत उजळणी करण्याचा प्रसंग यंदा आम्हांवर अकल्पितपणे आला. ती हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृहात परत आलेल्या एका विद्यार्थिनीने लुगड्याच्या चिंधीत बांधलेले एक काळवंडलेले नाणे आमच्यासमोर ठेविले. तिचे गाव झरी जामणी तालुक्यात, पैनगंगेपासून फारसे दूर नाही. नाणे तिच्या आजीचे. आजीच्या आईच्या गळ्यात अशा रुपयांची एक माळ होती. अडचणीच्या एकेका वर्षी एकेक रुपया माळेतून उतरत गेला, आणि अखेर हा एकटा शिल्लक राहिला. दुसऱ्या दिवशी मुलीचे वडीलही शाळेत आले व खाली न बसताच म्हणाले, "गुरुजी, खरं खरं सांगा, हे नाणं लाखाचं हाय का नाई?" कोणा अपरिचित इसमाने दूरध्वनीवरून त्यांस असे सांगितले होते की, राणीच्या या रुपयास दोन लाख रुपये हमखास मिळतील, मात्र त्यापूर्वी नोंदणीखर्च म्हणून चार हजार रुपये पाठविले पाहिजेत. हे चार हजार उसने काढण्याच्या बेतात ते होते. इकडे मुलगी चिंच व राख घेऊन नाणे घासण्याच्या तयारीत होती. कारण लखलखीत नाण्यास भाव अधिक येईल असा तिचा समज. या दोन्ही गोष्टी दोन दिवस तहकूब ठेवा, असे आम्ही त्यांस विनविले; आणि त्या दोन दिवसांत शाळेच्या प्रयोगशाळेत, वर्गाच्या समक्ष, नाण्याची रीतसर पारख केली.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, झरी जामणीचा टापू सरहद्दीवरचा आहे. पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे आदिलाबादचा मुलूख. १८५३ पूर्वी दोन्ही तीर निजामाच्याच राज्यात होते. त्या वर्षीच्या तहाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे आला, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे नदीच्या एका काठावर इंग्रजी रुपया व दुसऱ्या काठावर हैदराबादचा हाली शिक्का अशी स्थिती राहिली. हाली रुपया इंग्रजी रुपयाहून कमी किमतीचा होता. साधारणतः सात हाली रुपये दिले म्हणजे सहा इंग्रजी रुपये होत. बाजाराकरिता नदी ओलांडणाऱ्या माणसास हा हिशेब तोंडपाठ ठेवावा लागे. तेव्हा या बाजूच्या जुन्या घरात चांदीचे नाणे निघाले, तर ते कोणत्या राज्याचे, हाच पहिला प्रश्न होय.

या प्रश्नाचे उत्तर बहुधा नुसत्या डोळ्यांनी मिळते. नाणे ओबडधोबड, जाड, कडेने वाकडेतिकडे असून त्यावर फारसी अक्षरे अर्धवट उमटलेली असतील, तर ते हाताने हातोडा मारून पाडलेले आहे असे समजावे. अशा नाण्याचा ठसा नाण्याहून मोठा असे. त्यामुळे मजकुराचा काही भाग नाण्याबाहेर राहून जाई. मराठ्यांचे रुपयेही याच रीतीचे असून त्यांवर बहुधा दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. पुण्याकडील अंकुशी रुपया अंकुशाच्या लहानशा चिन्हावरून ओळखू येतो. अशा नाण्यांवर पुष्कळदा लहान लहान टोचे मारलेले आढळतात. ती सराफांनी केलेल्या पारखीची खूण होय.

नाणे वाटोळे व यंत्राने पाडलेले असून त्यावर चारमिनारचे चित्र असेल, तर ते विसाव्या शतकातील हैदराबादचे. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक फारसी अक्षर असते. ते 'मीम' असल्यास मीर महबूब अली खान यांच्या कारकीर्दीचे व 'ऐन' असल्यास मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दीचे नाणे समजावे. चित्रावर ९२ हा आकडा दिसतो, तो सालाचा नव्हे. अक्षरांस संख्या देण्याच्या अबजद पद्धतीने महंमद पैगंबरांच्या नावाची ती बेरीज आहे. साल हिजरी असते. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे त्यास ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावे, म्हणजे इसवी सन स्थूलमानाने निघतो. उदाहरणार्थ, १३३० ला ०.९७ ने गुणिता १२९० येतात. त्यांत ६२२ मिळविता १९१२.

आमच्यापुढील नाण्यावर एका तरुण स्त्रीचे डावीकडे पाहणारे मस्तक होते. डोक्यावर मुकुट नव्हता. केस मागे बांधलेले. मस्तकाच्या डाव्या बाजूस 'व्हिक्टोरिया' व उजव्या बाजूस 'क्वीन' अशी इंग्रजी अक्षरे. मागच्या बाजूस लॉरेलच्या दोन फांद्यांच्या वेढ्यात 'वन रुपी' हे शब्द व खाली फारसीत 'यक रुपया'. भोवती 'ईस्ट इंडिया कंपनी' असा लेख आणि तळाशी १८४० हे साल. म्हणजे हा कंपनी सरकारचा, राणीच्या मस्तकाचा रुपया. पुढे १८६२ पासून जो रुपया निघाला त्यावर राणीस मुकुट आहे व कंपनीचे नाव नाही. १८७७ पासूनच्या रुपयावर 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' असा किताब आला. त्यानंतर १९०३ पासून सातव्या एडवर्डचे उघडे मस्तक व १९११ पासून पाचव्या जॉर्जचे मुकुटधारी मस्तक. लोकांनी 'राणीछाप' हे एकच नाव राणीच्या सर्व रुपयांस दिले असले, तरी पारख करणाराने हे भेद जाणले पाहिजेत.

येथे एका मुलाने चटकन हिशेब करून सांगितले की, नाणे १८४० मध्ये पाडले गेले. वर्गास वाटले, उत्तर बरोबर आहे. परंतु ते बरोबर नव्हते, आणि या चुकीत एक मनोरंजक इतिहास दडलेला आहे.

जुन्या काळी रुपया पाडल्यावर पहिल्या वर्षी त्याची किंमत पूर्ण धरीत. वर्ष उलटले की, नाणे झिजले असेल या सबबीवर सराफ त्यावर काही कसर कापून घेत, हाच बट्टा. नाण्याचे वजन खरोखर घटलेले असो वा नसो, त्यावरील जुने साल पाहूनच कसर कापली जाई, आणि तिचा भार शेतकरी व मजूर यांवर पडे. त्यावर उपाय म्हणून कंपनीने बंगालमध्ये शाह आलम बादशहाच्या १९ व्या राज्यवर्षाचे साल नाण्यांवर कायम ठेविले. वर्षे गेली तरी ठशावरील साल तेच. साल एकच असल्यावर नवे कोणते व जुने कोणते हे सराफास सांगता येईना. पुढे १८३५ मध्ये सर्व ब्रिटिश मुलखाकरिता एकाच वजनाचा व एकाच कसाचा रुपया सुरू झाला, व त्यावरून बादशहाचे नाव जाऊन इंग्लंडच्या राजाचे मस्तक आले. परंतु साल गोठविण्याची ही रीत मात्र चालू राहिली. १८३५ सालाचे रुपये १८४० पर्यंत, १८४० सालाचे १८६१ अखेरपर्यंत व १८६२ सालाचे १८७४ पर्यंत निघत राहिले.

म्हणून १८४० हे आमच्या नाण्याच्या जन्माचे साल नव्हे. मग खरे साल कोणते? त्याचा अंदाज राणीच्या नावाच्या मांडणीवरून होतो. आरंभीच्या रुपयांवर 'व्हिक्टोरिया क्वीन' हे शब्द मस्तकावरून सलग कमानीने जातात. नंतरच्या, म्हणजे सुमारे १८५० पासूनच्या रुपयांवर मस्तक त्या दोन शब्दांच्या मध्ये येते. आमचे नाणे दुसऱ्या प्रकारचे. म्हणजे वऱ्हाड कंपनीकडे आले त्या सुमाराचे हे नाणे होय. माळेतील तो रुपया नव्या राजवटीबरोबरच या टापूत आला असेल, असे वाटून वर्गातील मुले क्षणभर गप्प झाली. गळ्याच्या कापावर राणीचे मस्तक कोरणारा विल्यम वायन याच्या नावाची दोन आद्याक्षरे भिंगातून दिसली. संग्राहक याहून पुढे जाऊन लॉरेलच्या फांद्यांवरील फळेही मोजतात. कोणत्या रुपयावर ती २८ असतात, कोणत्यावर ३५, आणि त्यावरून पोटभेद ठरवितात.

नाणे ओळखले, परंतु ते अस्सल आहे काय? येथे वजनकाटा हा पहिला साक्षीदार. १८३५ च्या कायद्याने रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, ठरले. आजच्या मापाने ते ११.६६ ग्रॅम होते. बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी व एक भाग हीण असे त्याचे प्रमाण होते. हैदराबादचा चारमिनारचा रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा असून त्यात चांदी शेकडा ८१.८ असे. आमच्या नाण्याचे वजन भरले ११.४९ ग्रॅम. झिजून सुमारे दीड टक्का घटले होते. जुन्या नाणेकायद्यात झीज दोन टक्क्यांहून अधिक झाली म्हणजे रुपया 'हलका' समजला जाई व तो घेण्याचे बंधन राहत नसे. त्या कसोटीस हे नाणे अद्यापि उतरत होते.

वजन बरोबर असले म्हणजे धातू बरोबर असतोच असे नाही. म्हणून वरच्या इयत्तेतील मुलांनी आर्किमिडीजचा प्रयोग केला. बारीक दोऱ्याने नाणे टांगून पाण्यात बुडविले, तेव्हा त्याचे वजन १०.३७ ग्रॅम भरले. फरक १.१२ ग्रॅम. ११.४९ ला १.१२ ने भागिले असता विशिष्ट गुरुत्व सुमारे १०.२६ आले. बारात अकरा भाग चांदी असलेल्या मिश्रणाचे गुरुत्व १०.३ च्या आसपास असते. काट्याची सूक्ष्मता ध्यानात घेता हा मेळ उत्तम होय. चाळीस ते पंचेचाळीस या सालांत, महायुद्धामुळे, जो निम्म्या चांदीचा रुपया निघाला त्याचे गुरुत्व साडेनऊच्या सुमारास येईल, व जस्त आणि तांब्याच्या खोट्या नाण्याचे त्याहूनही कमी. लोहचुंबकही जवळ नेऊन पाहावा. चांदी त्यास चिकटत नाही. १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया चिकटतो, कारण तो निकेलचा आहे. नाणे दगडावर आपटून वाजविण्याची जुनी रीत मात्र आता वर्ज्य करावी. तिने कड ठेचली जाते.

यानंतर भिंगाने कड पाहावी. ओतीव खोट्या नाण्याच्या कडेवर साच्याच्या सांध्याची रेघ राहते, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात, व अक्षरांच्या कडा मेणासारख्या मऊ दिसतात. अस्सल नाण्याची दातेरी कड रेखीव व एकसारखी असते. दुसरी लबाडी सालाची. १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मिळ आहे. म्हणून दुसऱ्या सालाच्या रुपयावरील शेवटचा आकडा कोरून ९ केल्याचे प्रकार घडतात. जेथे साल हेच मोलाचे कारण, तेथे सालावर भिंग अधिक वेळ धरावे.

आता प्रतवारी. नाणे किती जतन झाले आहे हे थोडक्यात सांगण्याची ही पद्धत. जगभर यास इंग्रजी नावे रूढ आहेत, आणि १९४९ मध्ये विल्यम शेल्डन या अमेरिकन गृहस्थाने जुन्या अमेरिकन सेंटांकरिता सुचविलेले १ ते ७० हे गुणांक आता सर्वत्र वापरले जातात. विद्यार्थ्यांस परीक्षेच्या गुणांची सवय असल्यामुळे ही रीत लवकर समजेल. टांकसाळीतून निघाले तसेच राहिलेले, हाताळण्याची खूणही नसलेले नाणे ६० पासून ७० पर्यंत. त्यास 'अनसर्क्युलेटेड' म्हणतात. केवळ अत्युच्च भागांवर किंचित घासले गेलेले ५० ते ५८. 'एक्स्ट्रीमली फाइन' ४० व ४५. यात केसांच्या जवळजवळ सर्व रेषा सुट्या दिसतात. 'व्हेरी फाइन' २० ते ३५. उंच भाग सपाट झालेले, परंतु तपशील बहुतेक शाबूत. 'फाइन' १२ ते १५. अक्षरे पूर्ण वाचता येतात, केसांचे पुंजके दिसतात, पण त्यांतील रेषा एकमेकींत मिसळलेल्या. 'व्हेरी गुड' ८ ते १० व 'गुड' ४ ते ६; येथे 'गुड' या शब्दाने फसू नये, कारण अशा नाण्यावर बाह्याकृतीपलीकडे थोडेच उरते.

झीज कोठे पाहावी? जो भाग ठशात सर्वांत खोल, तो नाण्यावर सर्वांत उंच, आणि तोच प्रथम झिजतो. राणीच्या या रुपयावर कानाच्या वरचे व कपाळाजवळचे केस आणि मागची केसांची गाठ ही तीन स्थळे. मागील बाजूस पानांच्या मधल्या शिरा. मुकुटधारी राजाच्या रुपयावर मुकुटातील रत्ने व अंगावरील वस्त्राची नक्षी पाहावी. पाचव्या जॉर्जच्या वस्त्रावर एक लहान हत्ती असतो. १९११ च्या रुपयावर त्याची सोंड इतकी आखूड उमटली की तो लोकांस डुकरासारखा दिसला. त्यावरून गवगवा झाला, सरकारने तो रुपया परत घेतला, आणि १९१२ पासून हत्तीची सोंड स्पष्ट केली. एका सूक्ष्म रेषेचे महत्त्व केवढे, हे यावरून कळेल.

एक सावधगिरी आणखी. कित्येकदा ठसाच नीट बसलेला नसतो, आणि नवीन नाण्यावरही केस पुसट दिसतात. झीज व अपुरा ठसा यांत भेद करावयाचा तर नाणे दिव्याखाली हळूहळू फिरवावे. जेथे झीज असते तेथील पृष्ठभाग सपाट व निराळ्या रंगाचा दिसतो. जेथे ठसा अपुरा असतो तेथे टांकसाळीची मूळ झळाळी तशीच खेळताना दिसते.

या मोजपट्टीवर आमचे नाणे कोठे बसले? वर्गातील पाच मुलांना आम्ही एकमेकांस न विचारता कागदावर उत्तर लिहावयास सांगितले. तिघांनी 'फाइन' लिहिले, एकाने 'व्हेरी फाइन'. पाचवी ती मुलगी; तिने 'एक्स्ट्रीमली फाइन' लिहिले होते. तिला आम्ही काही बोललो नाही. आपल्या घरच्या वस्तूची प्रत ठरविताना डोळा आपोआप दोन पायऱ्या वर चढतो; आमचाही चढतो. म्हणूनच जाणते संग्राहक आपले नाणे दुसऱ्याकडून तपासून घेतात, व दोन प्रतींत संशय पडल्यास खालची प्रत लिहितात. भिंग हाती देऊन आम्ही तिला कानावरचे केस पुन्हा पाहावयास सांगितले. बऱ्याच वेळाने तिने स्वतःच आपले उत्तर खोडले आणि 'फाइन' असे लिहिले. त्या खोडलेल्या शब्दास आम्ही त्या दिवसाचे सर्वांत अधिक गुण दिले असते.

परंतु नुसते 'फाइन' म्हणून भागत नव्हते. नाण्याच्या माथ्यावर, कडेशी, एक खडबडीत करडा डाग होता. माळेत ओवण्याकरिता सोनाराने तेथे कडी झाळून बसविली होती व पुढे ती काढून टाकली होती. संग्राहकांच्या दृष्टीने हा दोष मोठा. झाळलेल्या नाण्यास गुणांक न देता केवळ दोषाचा उल्लेख करण्याची रीत आहे. तेव्हा अखेरचा निर्णय असा झाला: कंपनी सरकारचा १८४० सालाचा रुपया, अस्सल, झीज 'फाइन' प्रतीची, माथ्यावर झाळल्याची खूण. हा रुपया फार मोठ्या संख्येने निघालेला असल्यामुळे दुर्मिळ नाही. त्यात साडेदहा ग्रॅम शुद्ध चांदी आहे, आणि बाजारात त्याचे मोल त्या चांदीच्या किमतीहून फारसे अधिक होणार नाही.

वडिलांस हे सांगणे आम्हांस जड गेले. त्यांनी पुन्हा एकवार विचारले, "म्हंजे तो माणूस लबाड?" आम्ही म्हणालो, "जो विकत घेणारा आहे त्याने पैसे द्यावयाचे असतात, मागावयाचे नसतात." जुन्या नोटा व नाणी यांच्या खरेदीविक्रीच्या नावाखाली लोकांकडून शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये दिलेला आहे, बँक अशा व्यवहारात पडत नाही व कोणासही तसा अधिकार तिने दिलेला नाही. वडील थोडा वेळ नाण्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी ते त्याच चिंधीत बांधून मुलीच्या हाती दिले. चार हजारांचे कर्ज टळले.

चिंच आणि राख यांविषयी आता आम्हांस आमची स्वतःचीच चूक सांगितली पाहिजे. विद्यार्थिदशेत आम्हांस १८६२ सालाचा एक सुंदर रुपया मिळाला होता. निळसर जांभळी छटा चढलेला, केसांची रेष न् रेष शाबूत. तो आम्ही चिंचेच्या कोळाने व रांगोळीने घासून लखलखीत केला आणि अभिमानाने एका जाणत्या गृहस्थांस दाखविला. त्यांनी नाणे तिरपे धरून उजेडात पाहिले व काही न बोलता परत दिले. पुढे कित्येक वर्षांनी भिंगातून पाहिले तेव्हा त्या मौनाचा अर्थ उमगला. सबंध नाण्यावर केसाएवढ्या बारीक ओरखड्यांचे जाळे पसरले होते. हवेतील गंधकामुळे चांदीवर जो काळा थर चढतो तो चांदीचाच बनलेला असतो. तो घासला म्हणजे नाण्याचा वरचा पापुद्राच जातो, आणि त्याबरोबर टांकसाळीची झळाळी कायमची जाते. झीज ही काळाची. ओरखडे मात्र आमच्या हातचे.

म्हणून नाणे घरी असेल त्याने इतके पाळावे. नाणे सदैव कडेने धरावे; तोंडावर बोटे टेकू नयेत. माती असल्यास ऊर्ध्वपातित पाण्यात काही वेळ ठेवून, न घासता, मऊ कापडाने टिपून घ्यावे. याहून अधिक काही करू नये. रबराच्या पट्ट्या, लोकर व वर्तमानपत्राचा कागद यांपासून नाणे दूर ठेवावे, कारण त्यांच्यामुळे काळेपणा वाढतो. बाजारात मिळणाऱ्या मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांतही ते ठेवू नये. काही वर्षांनी त्यातून हिरवट चिकट थर नाण्यावर येतो. आम्लरहित कागदाचे साधे पाकीट उत्तम.

कायद्याच्याही दोन गोष्टी सांगतो. घरात वाडवडिलांपासून चालत आलेले नाणे ठेवण्यास हरकत नाही. परंतु शेत नांगरताना वा पाया खणताना जमिनीत पुरलेले द्रव्य सापडले व त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांस दिली पाहिजे. आणि शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते खासगी रीतीने परदेशी पाठविता येत नाही. ज्यांस या विषयाची गोडी लागेल त्यांनी नागपूरचा १८६३ मध्ये स्थापन झालेला अजबबंगला अवश्य पाहावा. नाशिकजवळ अंजनेरी येथे तर नाण्यांच्याच अभ्यासास वाहिलेली संस्था आहे. हा अभ्यास क्षुल्लक समजू नये. कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूचा कस पाहणारा जेम्स प्रिन्सेप हा अधिकारी जुन्या नाण्यांवरील अक्षरे लावीत बसे. त्यानेच १८३७ मध्ये अशोकाच्या ब्राह्मी लेखांचे कोडे उलगडले.

असो. त्या मुलीने अखेर काय केले ते सांगून हा लेख पुरा करितो. संग्रहातील प्रत्येक नाण्याबरोबर एक चिठ्ठी असावी, असे आम्ही वर्गास सांगितले होते. कारण चिठ्ठी नसलेले नाणे दुसऱ्या पिढीत मुके होते. तिने चौकोनी कागदावर शाईने लिहिले: रुपया, ईस्ट इंडिया कंपनी, साल १८४०, पाडल्याचा काळ १८५० नंतर. वजन ११.४९ ग्रॅम. प्रत 'फाइन', वर कडी झाळल्याची खूण. ती लिहून झाल्यावर आम्ही विचारले की, हा दोष कोठून आला तेही लिहिशील काय? तिने थोडा विचार केला, आणि दोष हा शब्द न लिहिता खाली एवढीच ओळ जोडली: 'माझ्या आजीच्या आईने हा गळ्यात घातला होता.'